फायबर घरी आलं, आता राउटर कोणता घ्यायचा?

प्लॅन २०० एमबीपीएसचा, राउटरला शिंगांसारखे चार अँटेना, आणि स्पीड टेस्टचा आकडा ९४. दुसऱ्या दिवशी ९३, तिसऱ्या दिवशी परत ९४. कस्टमर केअरशी मी दोनदा भांडलो. शेवटी घरी आलेल्या मुलाने राउटर उलटा केला, खालचं स्टिकर वाचलं आणि म्हणाला, "काका, लाइन बरोबर आहे. या डब्याचं पोर्टच शंभरचं आहे."

तेव्हापासून ९४ दिसले की माझा हात आधी राउटर उलटा करायला जातो. पोर्ट म्हणजे तार खोचायची खाच. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून डेटाबरोबर जाणारा हिशोबाचा, पत्त्याचा वगैरे सगळा सरकारी खर्च वजा जाता हातात पडतात ते साधारण ९४. मी बॉक्सवरचे अँटेना मोजले होते, पोर्ट वाचलं नव्हतं. खाली लिहिलंय ते याच क्रमाने करा. खरेदी बरीच पुढे येते, आणि काही घरांत येतही नाही.

आधी घरात काय आहे ते बघा

भिंतीतून येणारी बारीक तार ज्या डब्यात शिरते, तो ओएनटी. काही लोक ओएनयू म्हणतात, बहुतेक जण नुसतंच "मोडेम". प्रकाशातून आलेला डेटा लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, तारेत उतरवणं हे त्याचं काम. तो कंपनीचा असतो आणि लाइनला बांधलेला असतो, त्यामुळे बाजारातला कुठलाही राउटर आणून फायबरची तार थेट त्यात खुपसता येत नाही. राउटर लागतो तो ओएनटीच्या पुढे.

हल्ली बहुतेक ओएनटीमध्ये वाय-फाय आधीपासूनच असतं. ते कसलं आहे ते बघा. वाय-फायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ. स्वस्तातले डबे फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात, आणि दाट वस्तीच्या सोसायटीत तिथे ३०-४० एमबीपीएसच्या वर जायला धाप लागते. पाठीमागची पोर्टंही तपासा. काही डब्यांत दोन पोर्टांपैकी एकच गीगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचं, असतं; त्यावर बहुधा जीई लिहिलेलं असतं. एफई लिहिलेलं पोर्ट शंभरचं. राउटरची तार चुकून एफईमध्ये लावलेली मी तीन घरांत पाहिली. तार बदलली, दुखणं संपलं, खर्च शून्य.

एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर गोष्ट राउटरची नाहीच, प्रकाशच पोचत नाही. कंपनीला फोन करा. फायबरची पिवळी किंवा पांढरी तार कपाटामागे दाबून काटकोनात दुमडू नका. हिरवं टोक काढून त्यात डोकावूही नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही म्हणून धोका टळत नाही.

मग मोजा

लॅपटॉप लॅनच्या तारेने ओएनटीच्या जीई पोर्टला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. रात्री ९ ते १०च्या दरम्यान घ्या, कारण सगळी इमारत तेव्हाच बघत असते. एक फायबर बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो, गर्दीचा परिणाम दिसायचा तर तेव्हाच दिसतो. इथे प्लॅनच्या आसपास आकडा आला नाही तर राउटरवर पैसे घालू नका. आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार.

तारेवर आकडा नीट आला की फोन घेऊन घरभर फिरा. ओएनटीजवळ, हॉलच्या सोफ्यावर, प्रत्येक बेडरूममध्ये, स्वयंपाकघरात. दारं नेहमी असतात तशी ठेवून. आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद जपून ठेवा.

ओएनटीशेजारीच वाय-फायचा आकडा पडलेला असेल तर चांगला राउटर फरक पाडेल. तिथे उत्तम आणि आतल्या खोलीत गचाळ असेल तर तुमचं भांडण भिंतीशी आहे, आणि एकट्या महागड्या राउटरने ते मिटेलच असं नाही.

भिंत ओळखा

हा भाग दुकानदार कधी विचारत नाही, आणि इथेच सगळं ठरतं.

२.४ गीगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातं पण हळू असतं. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतं. आपल्याकडच्या विटांच्या पार्टिशनची एक भिंत ते झेलतं, दुसऱ्या भिंतीपर्यंत अर्धमेलं होतं. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये मात्र मायव्हन पद्धतीचं बांधकाम असतं: अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅब आणि भिंती एकत्रच ओततात, आतल्या भिंतीही सळई घातलेल्या काँक्रीटच्या. ओळखायची खूण सोपी. कॅलेंडर टांगायला खिळा ठोकला आणि खिळाच वाकला, तर मायव्हन. ताईच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये राउटर दरवाज्याजवळच्या शू-रॅकवर होता. हॉलमध्ये १८०, मधल्या खोलीत ४०, मास्टर बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल गोठलेला. जुन्या वाड्याची दोन फूट जाडीची भिंत किंवा कोकणातल्या घराचा जांभा, तीच कथा.

शिवाय लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी आणि पाण्याची टाकी यांच्या मागे सावली पडते. टीव्हीच्या मागे राउटर लपवणं हे तर आपलं राष्ट्रीय खूळ आहे.

गरज किती, ते प्रामाणिकपणे मोजा

फोर-के सिनेमाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला ४-५. चौघांच्या घरात दोन टीव्ही, एक ऑफिस कॉल आणि एक रील्स पाहणारा धरला तरी १०० खरंच भरपूर होतात. ३०० किंवा ५००चा प्लॅन घेतलेला असेल तर तो वाया जाऊ नये म्हणून राउटर तसा हवा, एवढंच. आणि प्लॅनचे एमबीपीएस बिटमध्ये मोजतात, डाउनलोडमध्ये दिसणारं एमबी हे बाइटमध्ये असतं; आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसला सेकंदाला १२.५ एमबी म्हणजे बरोबरच. त्यावरून तक्रार करू नका.

बॉक्स असा वाचा

मोठ्या अक्षरांतला एएक्स ३००० हा आकडा म्हणजे बेरीज आहे: २.४ वर ५७४ आणि ५ वर २४०२. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि २४०२ मिळायला फोनलाही १६० मेगाहर्ट्झ रुंदी झेपावी लागते. बहुतेक फोन १२०१वर जोडले जातात आणि जवळ बसून प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या थोडं वर मिळतं. तेही ५०० एमबीपीएसच्या प्लॅनला पुरेसं आहे.

मी क्रमाने हे बघतो. वॅन (इंटरनेट आत येतं ते) आणि लॅन पोर्ट गीगाबिट आहेत का? १०/१००/१००० असं लिहिलेलं हवं. नुसतं १०/१०० असेल तर बॉक्स खाली ठेवा, वर कितीही अँटेना असोत. एसी १२०० लिहिलेल्या स्वस्त राउटरमध्ये ही फसगत सर्रास होते. त्यानंतर वाय-फाय ६ म्हणजे एएक्स आहे का, डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा आहे का, आणि पुढे त्याच कंपनीचा दुसरा डबा मेशमध्ये, म्हणजे दोन्ही मिळून घरभर एकच वाय-फाय होईल असा, जोडता येतो का. १०० ते २०० एमबीपीएस आणि टू-बीएचके असेल तर एएक्स १५०० चालतो. ३००च्या पुढे किंवा घरात पंचवीस-तीस उपकरणं असतील तर एएक्स ३०००.

वाय-फाय ७ची हवा आहे सध्या. त्याची खरी मौज ६ गीगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आहे, आणि हा पट्टा खुला करण्याचा मसुदा आपल्याकडे दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. त्याआधी इथे आलेल्या वाय-फाय ७च्या काही राउटरमध्ये ६ गीगाहर्ट्झ नाहीच, २.४ आणि ५ एवढंच. तेव्हा बॉक्सवर ६ गीगाहर्ट्झ लिहिलेलं आहे का आणि तुमच्या फोनला ते समजतं का, ते पाहून मगच जास्तीचे पैसे द्या. माझा फोन तीन वर्षांचा आहे, मी दिले नाहीत.

पैसे देण्याआधी कंपनीला फोन

चार गोष्टी विचारा आणि लिहून घ्या. लाइन पीपीपीओईवर (म्हणजे राउटरने लॉगिन करायची) आहे का, असल्यास युजरनेम-पासवर्ड काय? राउटरमध्ये भरायचा व्हीलॅन आयडी, म्हणजे लाइनचा क्रमांक, आहे का? लाइन एकाच डब्याच्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाला, बांधलेली आहे का? ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून देणार का? ब्रिज मोड म्हणजे ओएनटीने फक्त दारवान व्हायचं, कारभार सगळा तुमच्या राउटरकडे. काही कंपन्या नकार देतात. बिघडत नाही, नवा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (तो फक्त वाय-फाय देतो, कारभार ओएनटीकडेच) टाका आणि ओएनटीचं वाय-फाय बंद करा. लँडलाइन ओएनटीतून असेल तर ब्रिज करण्याआधी ती चालू राहील ना, तेही विचारा. आमच्या काकूंचा फोन असाच दोन दिवस मुका होता.

जागा आणि तार

राउटर घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर. ओएनटी दाराशीच राहू द्या. तिथून राउटरपर्यंत कॅट ६ची, म्हणजे गीगाबिट झेपणारी लॅनची, तार ओढा. ताईच्या घरी आम्ही एवढंच केलं. बंद पडलेल्या लँडलाइनचा पाइप भिंतीत होता, वायरमनने त्यातून तार सरकवली, आणि राउटर पॅसेजमध्ये वर बसवला. मधल्या खोलीत १५०, मास्टर बेडरूममध्ये ९०. राउटर जुनाच होता.

तार शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते आणि वर्षभरात रडवते. आतल्या आठही तारा टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसल्या पाहिजेत. एक जरी सुटली तर गीगाबिट जातं आणि बऱ्याचदा शंभर उरतात, म्हणजे परत आपला ९४. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र ती नेऊ नका.

थ्री-बीएचके, दुमजली घर किंवा मायव्हन असेल आणि तार ओढूनही कोपरा कोरडाच राहिला, तर मेश घ्या. दुसरा डबा तारेने जोडता आला तर सोन्याहून पिवळं. नाहीच जमलं तर तो कोरड्या खोलीत ठेवू नका, अर्ध्या वाटेवर ठेवा. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? प्लगमध्ये खोचायचा, सिग्नल पुढे ढकलणारा स्वस्त रिपीटर मी सुचवत नाही. तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

वीज जाणाऱ्या गावात मिनी यूपीएस घ्या. अॅडॉप्टरवरचं व्होल्ट तंतोतंत जुळलं पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज यूपीएसला झेपते का ते पाहा. एकालाच जोडून उपयोग नाही, ओएनटी विझला की राउटर नुसताच दिवे लावून बसतो.

पहिल्या संध्याकाळी

अॅडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या. सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि दारावरची बेल बहुधा २.४ वरच बोलतात, तेव्हा तो पट्टा बंद करू नका. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा. वाय-फायचा पासवर्ड सोसायटीच्या वॉचमनपर्यंत पोचायला आपल्याकडे एक गणपती पुरतो.

बॉक्स आणि बिल लगेच रद्दीत टाकू नका. परत करण्याच्या मुदतीत, रात्री ९ नंतर, तोच कागद काढा आणि त्याच जागी उभं राहून जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा.