घरच्या घरी चिकन तिंगा तोस्तादा

हॉटेलात मसाला पापड मागवावा, गप्पांच्या नादात पाच मिनिटं तो तसाच ठेवावा, मग उचलायला जावं तर मधोमध लोंबतो. तोस्ताद्याचं नेमकं तेच होतं. म्हणून या पदार्थात दोनच गोष्टी सांभाळायच्या: खालची चकती कडक हवी आणि वरचं चिकन कोरडसर हवं. बाकी चुकलं तरी निभावून जातं.

स्पॅनिशमध्ये ‘तोस्तादा’ म्हणजे भाजलेली. मेक्सिकोत कालच्या उरलेल्या मक्याच्या तोर्तिया वाळल्या की तळून कडक करतात आणि त्यावर हवं ते रचतात. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी करणाऱ्या घरांना हे वेगळं समजावायला नको. वर घालायचं ते झणझणीत, हाताने सोडवलेलं चिकन म्हणजे तिंगा. हा मेक्सिको शहराच्या आग्नेयेला असलेल्या पुएब्लाचा पदार्थ; तिथे तो डुकराच्या मांसाचाही करतात.

तिंग्याचा जीव चिपोत्लेत आहे. हिरवी हालापेन्यो मिरची झाडावरच लाल होऊ देतात आणि मग लाकडाच्या धुरावर वाळवतात, ती ही चिपोत्ले. टोमॅटो-व्हिनेगरच्या आंबटगोड रश्शात, म्हणजे ‘अदोबो’त, मुरवलेले तिचे डबे मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. नाहीच मिळाले तर चार-पाच बेडगी आणि एक तिखट सुकी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटा, त्यात चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर गूळ घाला. धुराचा वास शेवटी कोळशाने आणता येतो, तो कसा ते पुढे सांगते. गरम मसाला मात्र घालू नका. घातलात तर चिकन सुकं होईल, तिंगा नाही.

आठ तोस्ताद्यांसाठी, म्हणजे चौघांसाठी, पाव इंचापेक्षा पातळ उभे चिरलेले तीन मोठे कांदे, चार लाल टोमॅटो, ५०० ग्रॅम बोनलेस चिकन, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन-तीन चिपोत्ले, अर्धा चमचा ओरेगानो आणि एक तमालपत्र लागेल. कांदा जास्त वाटला तरी कमी करू नका. पिझ्झ्यासोबत पुडीत येणारा ओरेगानो चालतो, पण मेक्सिकन ओरेगानो ही वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे आणि तिचा वास अधिक उग्र असतो.

आधी चिकन. ते बुडेल इतक्या पाण्यात मीठ, तमालपत्र, कांद्याचा एक तुकडा आणि दोन लसूण पाकळ्या घालून उकळी आणा. मग आच मंद करून पंधरा ते अठरा मिनिटं शिजवा. कुकर नको, त्यात छातीचा तुकडा चोथट होतो. त्याच पाण्यात कोमट होऊ द्या, मग धाग्यांच्या दिशेने बोटांनी सोडवा. सुरीने चिरलेल्या चिकनला रस धरत नाही. उरलेलं पाणी टाकू नका.

टोमॅटो तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. उरलेला लसूण, चिपोत्ले आणि चिकनचं पाव वाटी पाणी घालून ते वाटून घ्या. कढईत दोन चमचे तेलावर कांदा आठ-दहा मिनिटं परता. तो मऊ आणि पारदर्शक व्हायला हवा, लाल नको. त्यावर वाटण ओता, ओरेगानो चुरडून घाला. कच्चा वास गेला की चिकन आणि मीठ घाला आणि झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं आटवा. उलथनं कढईच्या तळाशी ओढून बघा: वाट मोकळी राहायला हवी. पाणी धावत आलं तर अजून वेळ आहे. पहिल्यांदा केला तेव्हा मी इथेच घाई केली होती, आणि पाहुण्यांना शेवटी चमचे द्यावे लागले. डब्यातली चिपोत्ले नसेल तर आता कढईत छोटी वाटी ठेवा, तिच्यात लाल निखारा, त्यावर तेलाचा थेंब, आणि दोन-तीन मिनिटं घट्ट झाकण. त्याहून जास्त धुराने कडवटपणा येतो.

आता चकत्या. मक्याच्या तयार तोर्तिया मिळाल्या तर उत्तम, गव्हाच्या नकोत. घरी करायच्या तर ‘मासा हरिना’ हवं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेलं हे पीठ. त्या चुन्यामुळेच पिठाला चिकटपणा येतो. आपलं साधं मक्याचं पीठ थापताना चिरतं. तेच वापरायचं असेल तर ज्वारीसारखी उकड काढून भाकरीपेक्षा पातळ थापा. मासा हरिना एक वाटी आणि कोमट पाणी पाऊण वाटीच्या आसपास, एवढ्यात तळहाताएवढ्या आठ होतात. प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गोळा ठेवून ताटाने दाबा, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा आणि तासभर उघड्यावर वाळू द्या. ओल्या तोर्तिया तेलात फुगतात. काट्याने टोचून मध्यम गरम तेलात एकेक सोनेरी तळा आणि उभ्या ठेवून निथळा. ओव्हनमध्ये तेल लावून २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून, ठेवल्या तरी चालतं. फक्त चव थोडी कमी लागते.

पहिला थर घोटलेल्या उसळीचा. शिजलेला राजमा कांद्यासोबत तेलावर परतत घोटा आणि घट्ट करा. तिंगा हिच्यावर बसतो, चकतीवर नाही. मग तिंगा, बारीक चिरलेला लेट्यूस किंवा कोबी, पातळ क्रीम आणि कुस्करलेलं खारट ताजं चीज. क्रीमऐवजी थोड्या दुधात फेटलेला चक्का आणि चीजऐवजी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवलेलं पनीर चांगलं जमतं. आवोकाडोच्या फोडी असतील तर वर, आणि लिंबू हवंच.

स्वयंपाकघरात रचून ताटं बाहेर आणू नका. सगळं वाट्यांत टेबलावर मांडा आणि ज्याने त्याने आपापला रचावा. तिंगा उरला तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी अधिकच मुरतो. चकत्या मात्र हवाबंद डब्यात, बाहेरच ठेवा.