बॉनेट उघडण्याआधी गाडीचं साल बघा

इंदूरच्या रामबागेतून कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "काका, जुनी गाडी घेतोय, बघायला येता का?" जातो. पण बॉनेटला हात लावण्याआधी आरसी मागतो आणि साल बघतो. पासिंगचं नव्हे, बनावटीचं. त्या वर्षी दिल्लीत काय ठरलं होतं, ते गाडीत कुठेतरी सापडतंच.

हौसेने 1983 च्या आधीची गाडी घेत असाल तर चारही दारांच्या फटींत रुपयाचं नाणं घालून बघा. एकीकडे ते आरपार जाईल, दुसरीकडे अडकेल. लगेच अपघाताचा संशय घेऊ नका. 1951 च्या कायद्याखाली कारखान्याला परवाना लागे, पोलादावर नियंत्रण, बाहेरून यंत्रं आणायला परकीय चलनाची टंचाई, आणि गाडीची किंमतही बरीच वर्षं सरकारच ठरवी. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या अँबॅसडरचा चेहरा 2014 पर्यंत फारसा बदलला नाही तो उगाच नाही. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं असताना फट कोण मोजणार? आमच्या मामांची नवीकोरी गाडी (कंपनीचं नाव राहू द्या) पहिल्याच पावसात आत गळली. मामांनी तक्रार केली नाही. त्याच दिवशी विकली असती तरी वर ऑन, म्हणजे किमतीपेक्षा जास्तीचे पैसे, मिळाला असता! दारांना बाजारातून रबर आणून लावलं आणि पुढे वीस वर्षं तीच चालवली.

"पत्रा बघा किती जाड," असं विकणारा हमखास म्हणेल. त्याला बोलू द्या, तुम्ही दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तिथे पुट्टी आहे.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. गंमत बघा, परवाने वाटणारं सरकारच सुझुकीला भागीदार घेऊन गाड्या काढायला लागलं. सोबत सुटे भाग करणाऱ्यांनाही काटेकोरपणाची सवय लागली. 1993 मध्ये मोटारींच्या कारखान्यांना लागणारा परवाना गेला. तिथून पुढच्या गाडीत कारखान्यापेक्षा मालकाने काय केलंय ते जास्त बघा.

2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा कर उतरवला. नंतरच्या काही सेडानची डिक्की कापल्यासारखी दिसते ती त्यामुळे. दोष नाही, पण आपली बॅग घालून बघा.

खरी मेख डिझेलची. बीएस म्हणजे गाडीच्या धुरासाठीचे सरकारी नियम; त्यात बीएस-4 वरून पाचवी पायरी गाळून 1 एप्रिल 2020 ला देश थेट बीएस-6 वर गेला. धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेत गाळणी आली. ती काजळी जाळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज राजवाडा ते विजयनगर रखडणाऱ्या गाडीत गाळणी तुंबते, आणि बदलायची म्हटली तर खर्च छाती दडपणारा. म्हणून मालकाला आधी विचारा, गाडी गावात फिरते की बाहेर. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे सगळे दिवे एकदा लागून इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर तो मुद्दाम तोडलाय का ते बघा. मग राऊच्या पुढे पीथमपूरच्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळवा.

मालक म्हणाला, "इथंच गल्लीत एक चक्कर मारा ना," की मी चहा पिऊन उठतो.