सोसायटीची मीटिंग घेताय? या चुका टाळा

दोन टर्म सेक्रेटरी आहे. मीटिंग फसली की 'आमचे मेंबरच तसले' हे ऐकून ऐकून कान किटलेत. मेंबर सगळीकडे सारखेच असतात हो! आधी कोण बोलतो, कोणाला बोलावलंच जात नाही, निरोप कोणामार्फत फिरतो, गोम तिथे असते.

अध्यक्षांनी आधी बोलणं

आमच्या बी विंगला सकाळी आठनंतर पाणी पुरेना. मीटिंगला बसल्या बसल्या अध्यक्ष म्हणाले, "पंप म्हातारा झालाय." ते निवृत्त इंजिनिअर, त्यांच्यापुढे कोण बोलणार? दहा मिनिटांत ठराव, सूचक, अनुमोदक, चहा. ४२ हजारांचा नवा पंप बसला आणि पाणी आठलाच संपत राहिलं.

महिन्याभराने वॉचमनकाकांशी गप्पा मारताना कळलं, की पंप पहाटे कोरडाच घरघरतो. तळमजल्यावरच्या भाडेकरू वहिनी म्हणाल्या, "नळाला पाणी पाचपर्यंत असतं, पण टाकीत पडायचा आवाज साडेतीनलाच थांबतो." आणि आमचे खजिनदार? "पाण्याचं बिल कमी येतंय, मी म्हटलं बरंच झालं!" हे तिन्ही कानावर घातल्यावर प्लंबरने थेट खालच्या टाकीत हात घातला. टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉलकॉक अडकला होता, टाकी अर्धीच भरत होती. चारशे रुपयांत काम झालं.

वॉचमन मेंबर नाही, भाडेकरूला सभेचं बोलावणं नाही, खजिनदार अध्यक्षांपुढे गप्प. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोगातून हेच दाखवलं होतं: सगळ्यांना आधीच ठाऊक असतं त्यावरच गट चर्चा करत बसतो, एकट्यादुकट्याकडची माहिती त्याच्याकडेच राहते.

तेव्हापासून मी पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटतो. तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने 'मला काय दिसलं' एवढंच लिहायचं, उपाय लिहायचा नाही. वॉचमनचं मी आदल्या दिवशी विचारून ठेवतो. अध्यक्ष सर्वांत शेवटी. नवे कमिटीवाले वैतागतात, "काका, ग्रुपवर पोल टाकू ना, दोन मिनिटांत होईल." टाका की! पण पर्याय तुम्हीच लिहिणार, मग त्यात बॉलकॉक कुठून येणार?

सगळं सेक्रेटरीमार्फत

ही चूक माझी. 'एकमेकांत बोलू नका, मला सांगा' अशी मी शिस्त लावली होती आणि तिचा अभिमानही होता. ती कुठे चालते नि कुठे नाही, हे प्रयोगांत दिसलंय. १९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ लेविट यांनी पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येकाच्या कार्डावर सहापैकी पाच चिन्हं. पाचही कार्डांवर असलेलं एकच चिन्ह चिठ्ठ्या पाठवून शोधायचं. चाकाच्या आऱ्यांसारखे सगळे निरोप मधल्या माणसाकडे जायचे, त्या गटात चुका कमी झाल्या. वर्तुळात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलणाऱ्यांच्या जास्त झाल्या, पण कामात मजा त्यांनाच आली. पुढच्या प्रयोगांत कोडं गुंतागुंतीचं केल्यावर मात्र मधल्या माणसावर भार पडला आणि चाकच मागे पडलं. म्हणून जिन्याचा रंग, दिवाळीचे कंदील माझ्यामार्फत चालतात. गळती कुठून होते हे शोधायचं असेल, तर वरच्या-खालच्या घरांनी समोरासमोर बसायचं आणि मी फक्त लिहून घ्यायचं.

उपसमितीत अकरा जण

चार पुरे. बाकीचे फोटोपुरते येतात.

कोरम भरला, म्हणजे झालं

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सरकारी नमुना नियमांनुसार) दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला कमी आकडा भरला की सर्वसाधारण सभा सुरू करता येते. त्या विसांत गळतीवाल्या घरातलं कोणी आहे का, हे मोजा.

गप्प बसणं म्हणजे संमती

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नाही. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीत पुन्हा घेतात. विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट असतो, आणि तिथे निर्णय घेत नाहीत. आमच्याकडे? अध्यक्ष "हरकत नाही ना कुणाची?" विचारतात, तेवढ्यात निम्मे चपला शोधायला लागलेले असतात आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर'.

हल्ली तो शब्द लिहिण्याआधी मी उठून शेवटच्या रांगेत जातो आणि एकेकाला विचारतो. मागच्या सभेत तिथले आजोबा म्हणाले, "मंजूर, मंजूर. पण ठराव कशाचा होता?"