कमी तासांचं जुनं विमान आणि इंदूर ते ओझर

जुनं सेसना 172, म्हणजे एका इंजिनाचं छोटं चार आसनी विमान, विकत घ्यायला बघायला जाणाऱ्याला पहिलं आमिष एकच दाखवतात : "इंजिनाचे फक्त 600 तास झालेत." त्यातल्या लायकमिंग ओ-320 इंजिनाचा टीबीओ (दोन पूर्ण ओव्हरहॉलमधला काळ) 2000 तासांचा, म्हणजे 1400 शिल्लक, असा हिशेब दलाल तिथेच मांडून दाखवतो. पण त्याच टीबीओला 12 वर्षांची अटही असते, ती तो सांगत नाही.

आणि खरा घोटाळा तर त्याच्याही आत असतो. लायकमिंगमध्ये झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं, आणि पावसाळ्यातली दमट हवा उघड्या लोखंडाला गंज चढवते. पुढे इंजिन चालू झालं की गंजाच्या खड्ड्यांवरून टॅपेट (झडपा ढकलणारे दट्टे) घासतात, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात आणि तो चुरा तेलातून सगळीकडे फिरतो. गंमत म्हणजे कॉम्प्रेशन 80 ला 76 येतं (सिलिंडरला 80 दाब दिला तर 76 टिकतो), मॅग्नेटो ड्रॉप म्हणजे ठिणगीची तपासणीही ठीक असते, कारण या दोन्ही तपासण्यांत कॅम दिसतच नाही. सिलिंडरमध्ये बोरस्कोप (नळीचा छोटा कॅमेरा) घातला तरी नाही. एक सिलिंडर उतरवला तरच कॅमचे लोब (उंचवटे) डोळ्यांना दिसतात. विकणारा "कशाला उगाच?" म्हणाला, तर निघून या. कॅम खराब निघाला तर क्रँककेस फोडावी लागते, म्हणजे जवळजवळ पूर्ण ओव्हरहॉलचाच खर्च.

"आम्ही दर आठवड्याला दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवतो" हे ऐकून हुरळू नका. उलट नुकसानच. तेल साधारण 75 अंश सेल्सिअसच्या वर टिकलं नाही तर ज्वलनातलं पाणी उडून जात नाही, तेलातच साठतं. पिंपळगावचा बागायतदारही दोन पावसाळे उभा राहिलेला ट्रॅक्टर मीटर बघून घेत नाही. लॉगबुकात एकूण तासांआधी गेल्या 24 महिन्यांतले महिनावार तास पाहा. तेल फिल्टर कापून, पट्ट्या उलगडून चमकणारा धातू शोधा, चुंबक फिरवा. क्लबच्या कॅन्टीनमधले गुरू आवाजावरून इंजिन ओळखतात म्हणे. त्यांना चहा पाजा, पण सही स्वतंत्र एएमईची, म्हणजे परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची घ्या. विकणाऱ्याचा एएमई नको.

घाबरू नका, नियमित उडणारं 1500 तासांचं इंजिन बऱ्याचदा चांगलं निघतं.

बाकी थोडक्यात. एअरफ्रेम, इंजिन आणि प्रोपेलरची लॉगबुकं सलग हवीत. सीट रेलची एडी (सक्तीची सुरक्षा तपासणी) दर 100 तासांनी किंवा 12 महिन्यांनी पाळल्याची नोंद हवी, कारण टेकऑफला सीट मागे घसरली तर योक (विमानाचं स्टिअरिंग) हातातून सुटतो. नोंदणीवर कर्जाचा बोजा नको. एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) संपली असेल तर डीजीसीए या हवाई नियामकाच्या विशेष उड्डाण परवानगीशिवाय विमान हलवायचं नाही. विम्याच्या पॉलिसीत उडवणाऱ्या वैमानिकाचं नाव आहे का, हे निघण्याआधी वाचा.

ताबा मिळाला की लगेच घरी निघू नका. त्याच धावपट्टीच्या डोक्यावर एक तास उडा, उतरून काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडा, गळती बघा, फिल्टर पुन्हा कापा.

समजा, विमान इंदूरला घेतलं आणि घरी, नाशिकजवळच्या ओझरला आणायचंय. इंदूरहून ओझर सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर, 100 नॉटला दोन तास. मुंबई-आग्रा महामार्ग धरा : सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. आधी सातपुडा, मग चांदवडजवळ सातमाळा. तिथला धोडप किल्ला साडेचार हजार फुटांहून उंच आहे, ढग खाली असतील तर परत फिरा. 172 पी या मॉडेलमध्ये वापरण्याजोगं इंधन 151 लिटर, खप तासाला 30 च्या आसपास. कागदावर पाच तास, तुम्ही चारच धरा, आणि इंधनाच्या काट्यावर न जाता टाकीत काठी घालून मोजा. एव्हगॅस, म्हणजे या इंजिनाचं विमानी पेट्रोल, सगळीकडे मिळत नाही. पिंपातून घेत असाल तर पिंप पावसात उभं होतं का ते विचारा, झाकणावरचं पाणी बुचातून आत ओढलं जातं. रंग निळा हवा, सम्प ड्रेन, म्हणजे टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून पाणी बघणं, दोनदा.

ओझरचा विमानतळ एचएएल या सरकारी विमान कंपनीचा, तिथली परवानगी आणि पार्किंग आधी. एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांच्या क्रमांकांशिवाय इंजिन चालू करू नका. देवळालीच्या तोफांच्या सरावाचे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनाही वाचा. ओझरची उंची साधारण 1,900 फूट. मे महिन्यात दुपारी 40 अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, 5,300 फुटांच्या पुढे जाते, म्हणून सकाळी निघून दहापर्यंत उतरा.

उतरल्यावर तेल गरम असतानाच काढा आणि तिसऱ्यांदा फिल्टर कापा.