कॉलेजच्या सांस्कृतिक कार्यक्रमांना निधी देताना या चुका टाळा

मी शिकवते रसायनशास्त्र, पण गेली आठ वर्षं आमच्या विद्यापीठाच्या सांस्कृतिक निधी समितीवर आहे. पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं आणि मला नाही म्हणता आलं नाही, एवढंच त्याचं कारण. दर जुलैत अर्जांचा गठ्ठा येतो, समितीत दोन-तीन नवे चेहरे येतात आणि त्याच चुका नव्या उत्साहाने होतात. त्यातल्या दोन मीही केल्या आहेत, म्हणून आधी त्याच सांगते.

गर्दीला यश समजणं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षाची तरतूद ६ लाख. एका गायकाच्या ‘नाइट’साठी साडेतीन लाखांचा अर्ज आला. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, पाच हजार पब्लिक कुठे गेलं नाही.” त्याआधीच्या वर्षी शास्त्रीय गायनाला चाळीस माणसं आली होती, त्यातली बारा आम्हीच. मीही हात वर केला.

साडेतीन लाख हे नुसतं मानधन होतं, हे नंतर कळलं. वादकांची हॉटेलं, साउंड, जनरेटर, बॅरिकेड, खासगी सुरक्षारक्षक हे सगळं वेगळं. शेवटी आकडा गेला पावणेपाच लाखांवर. कार्यक्रम मैदानावर, वेळ साडेसहाची. गायक मंचावर आले सव्वानऊला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सण-उत्सवांचे, आमच्या गॅदरिंगचे नव्हेत. बरोबर दहाला पोलीस आले. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. पंचेचाळीस मिनिटांचे पावणेपाच लाख, म्हणजे मिनिटाला साडेदहा हजार. खुर्च्या मोडल्या त्यांचं बिल वेगळं आलं. फाटकावर ओळखपत्रं तपासणाऱ्या शिपायांना विचारलं, तर म्हणाले, निम्मी मुलं आपली नव्हतीच.

खरा फटका पुढे बसला. उरलेल्या सव्वा लाखात अख्खं वर्ष काढायचं होतं. जानेवारीत एकांकिकेच्या मुलांनी तालमीची जागा आणि प्रवास मिळून अठरा हजार मागितले. आम्ही नाही म्हणालो. ती मुलं पार्किंगमध्ये, स्कूटरच्या दिव्यांत तालीम करायची. मी रोज तिथूनच गाडी काढायचे.

तेव्हापासून अर्जातल्या ‘अपेक्षित प्रेक्षक’ या रकान्यावर मी चक्क अंगठा ठेवते आणि दोनच गोष्टी विचारते: आपली किती मुलं यात स्वतः काम करणार आणि किती दिवस? आंतरविद्यापीठ युवक महोत्सवातली एकांकिका ३० मिनिटांची, जास्तीत जास्त ९ जणांची. पण त्या अर्ध्या तासामागे महिना-दीड महिन्याची तालीम असते. ‘नाइट’मध्ये आपली मुलं काय करतात? खुर्च्या लावतात.

‘नाइट’ नकोच असं माझं म्हणणं नाही. त्यांनी तिकीट लावावं, प्रायोजक शोधावेत; त्यांना मिळतातही. भारुडाला प्रायोजक मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

देखणा अर्ज म्हणजे चांगला कार्यक्रम, असं धरून चालणं

ही माझी दुखरी नस. एका तालुक्याच्या कॉलेजमधून वहीच्या रेघी पानावर अर्ज आला होता. गोंधळ सादर करणार होते. खर्च असा लिहिलेला: संबळाचं चामडं बदलणे, तुणतुणं, कवड्यांच्या माळा, एसटीचं भाडं. एकूण ११,४०० रुपये. त्याच बैठकीत शहरातल्या एका गटाचं बावीस स्लाइडचं सादरीकरण झालं, त्याचं नाव ‘कल्चरल कॉन्क्लेव्ह’. प्रत्येक स्लाइडवर ‘इम्पॅक्ट’. त्यांना साठ हजार मंजूर झाले. गोंधळाच्या अर्जावर शेरा पडला, ‘तपशील अपुरा’. अपुरा? संबळाच्या चामड्यापर्यंत लिहिलं होतं त्या पोरांनी! पण मीही त्या शेऱ्याखाली सही केली.

नंतर फाइल लावताना सतराव्या स्लाइडच्या तळाशी दुसऱ्याच एका कॉलेजचं नाव दिसलं. पुसायचं राहून गेलेलं. कॉन्क्लेव्हमध्ये प्रत्यक्षात तीन भाषणं आणि एक भोजन झालं.

पुढे युवक महोत्सवात त्या तालुक्याच्या कॉलेजचे सर भेटले. गोंधळ रद्द झाला होता. ते फक्त वक्तृत्वाची एक मुलगी घेऊन आले होते. म्हणाले, “मॅडम, मुलं विचारत होती, लिहिताना आपलं काय चुकलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी तालीम बघायला जाते. वीस मिनिटं पुरतात. आधी कळवून जाते, चहा घेत नाही. कोण उशिरा येतं, कुणाला दुसऱ्याचेही संवाद पाठ आहेत, हार्मोनियमवाला मुलगा आहे की भाड्याचा, हे सगळं तिथे दिसतं. अर्ज कच्चा वाटला तर नाकारण्याआधी फोन करते. दहापैकी सात वेळा कच्चा अर्ज करणाऱ्यांचं काम पक्कं निघतं. हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे.

इथे नवे सदस्य हमखास एक्सेल शीट काढतात. “मॅडम, निकष ठरवू, शंभरपैकी गुण देऊ, बेरीज करू, तासात मोकळे.” एका वर्षी तेही करून पाहिलं. सगळ्यांना अडुसष्ट ते बहात्तरच्या मध्ये गुण पडले, कारण न पाहिलेल्या गोष्टीला माणूस सावध गुण देतो. मग दोन दिवस अर्ध्या-अर्ध्या गुणावरून भांडलो. ज्यांना तासाभरात मोकळं व्हायचं आहे त्यांनी या समितीत येऊच नये.

बाकीच्या चुका, थोडक्यात

प्रसादासारखं वाटप. चौदा गटांना आठ-आठ हजार दिले की कुणीच रुसत नाही आणि कुणाचंच काही उभं राहत नाही. नाही म्हणायला शिका, आणि कारण लेखी द्या.

पैसे उरतील ही भीती. फेब्रुवारीत ‘काहीतरी घेऊन टाका’ म्हणून घेतलेले कार्यक्रम आठवून बघा. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. ओरड झाली, पण स्पर्धा बंद पडली नाही. मी तर पाव हिस्सा जानेवारीपर्यंत हातच लावत नाही.

नेपथ्यासाठी मागितलेली मोठी रक्कम. आधी संहिता वाचायला मागा. संहिता ‘अजून लिहितोय’ असेल तर सेटचे पैसेही अजून यायचे आहेत.

शाल, श्रीफळ, मोमेंटो. एका उद्‌घाटनाच्या सत्काराच्या पैशांत दोन महिन्यांचा तबलजी येतो.

आपल्याच विभागाचा अर्ज. तो चर्चेला आला की खोलीबाहेर जा. गप्प बसून राहणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

परवानग्या. कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेतल्या मुलांनी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला सवलत आहे, पण प्रेक्षक संस्थेतले, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर. तिकीट लावून बाहेरचे प्रेक्षक घ्यायचे असतील तर लेखकाचं परवानगीपत्र अर्जाला जोडूनच घ्या. नवी संहिता स्पर्धेला जाणार असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र मागतात. मुलांना ते आदल्या आठवड्यात आठवतं.

पैसे दिल्यावर गाडी अडली तर

गटप्रमुखच सोडून गेला: हे दरवर्षी होतं. परीक्षा, नोकरी, प्रेमभंग, काहीही. म्हणून मी अर्जावर दोन सह्या घेते, त्यातली एक शेवटच्या वर्षात नसलेल्या मुलाची.

एकाच तारखेवर दोघांचा दावा: सभागृहाच्या नोंदवहीत ज्याचं नाव आधी तो जिंकला. ‘सरांनी तोंडी सांगितलं होतं’ ही नोंद नव्हे.

आगाऊ रक्कम घेतली आणि कार्यक्रमच झाला नाही: पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. मी निम्मी आधी देते, पाव रंगीत तालमीनंतर, उरलेली बिलं आल्यावर. यावर मुलं चिडतात. ‘मॅडमचा विश्वास नाही’ म्हणतात. विश्वास आहे, फक्त तो हप्त्यांनी आहे.

बिलं येत नाहीत: ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच लागले, याचा दाखला) तुमच्या सहीने जाणार आहे, त्यांच्या नव्हे. त्यामुळे कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत बिलं आली नाहीत तर मी वर्गात जाऊन, तास थांबवून मागते. ‘किरकोळ खर्च’ असं लिहिलेलं बिल तिथल्या तिथे परत देते. किरकोळमध्ये मी आजवर वडापाव पाहिले, रिक्षाभाडी पाहिली, आणि एकदा पावतीसकट नवी कोरी सायकल पाहिली.