हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटला नवीन लागलात? मॉक ड्रिलनंतर लोकांना काय विचारायचं ते सांगतो

एमएचए (हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स डिग्री) करून किंवा नर्सिंगमधून क्वालिटीला आलात की पहिल्या महिन्यातच डिझास्टर प्लॅनची जाडजूड फाईल हातात पडते आणि वाचताना वाटतं सगळंच तर आहे यात, कोड रेड म्हणजे आगीचा इशारा, फोन नंबर, बाहेर पडून जमायची जागा म्हणजे असेंब्ली पॉइंट. पण प्लॅन नेमका कुठे अडकणार हे रात्रपाळीच्या लोकांना माहीत असतं, फाईलला नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, 10 बाळं गेली, तीही रात्रीचीच. आपल्याकडे ड्रिल मात्र सकाळी अकराला, सगळे साहेब हजर असताना! हे मला अजिबात पटत नाही.

ड्रिल संपली की लोक ड्युटीवर पांगायच्या आत तिथेच उभ्या उभ्या बोला. "कसं झालं" विचारलंत तर "छान झालं सर" एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा, तू कुठे थांबलास, फोन कोणाला लावला, लागला का, काय सापडलं नाही. आणि मेट्रन किंवा मोठे डॉक्टर समोर असतील तर ज्युनिअर सिस्टर तोंड उघडत नाही, तिच्याशी वेगळं बोला, रिपोर्टमध्ये नाव टाकू नका. आमच्या एका ड्रिलनंतर मावशींनी सांगितलं की मागच्या जिन्याच्या दाराला रात्री कुलूप असतं आणि चावी गेटवरच्या वॉचमनकडे! वॉर्डबॉय म्हणाला ऑक्सिजनचा सिलिंडर होता पण तो उघडायची चावीच जागेवर नव्हती. या गोष्टी कुठल्याच चेकलिस्टवर नव्हत्या.

पुराचा भाग असेल तर डायलिसिसच्या टेक्निशियनला आवर्जून विचारा, कारण त्यांच्या पेशंटना आठवड्यातून दोन-तीनदा यावंच लागतं, रस्ता बंद झाला तर त्यांना कुठे पाठवायचं, आणि कॉम्प्युटर सिस्टिम बंद पडली तर या पेशंटचे फोन नंबर कागदावर आहेत का. इलेक्ट्रिशियनला विचारा जनरेटर बसवलाय त्या जागी पाणी येतं का, 2021 च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा वीज जाणं म्हणजे काय ते सगळ्यांनी बघितलंय.

मिळालेल्या प्रत्येक मुद्द्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा, "मेंटेनन्स विभाग" असं लिहिलंत की ते तसंच राहतं. बदल झाला की मावशींना जाऊन सांगा, दाराला आता आतून ढकलून उघडणारा बार लावलाय म्हणून, नाहीतर पुढच्या वेळी त्या कशाला बोलतील? आणि पुढची ड्रिल रात्री ठेवा, त्याच जिन्यावरून.