पिचकारीचं झाड लावायचं की नाही, असं ठरवा

नागपुरात बेसा-मनीषनगरकडे नवं घर झालं की फाटकापाशी फुलांचं एखादं झाड हवंसं वाटतंच. पिचकारी म्हणजे स्पॅथोडिया लगेच मोहात पाडते. वाढ झपाट्याची, केशरी-लाल फुलांचे झुबके, आणि कळी दाबली की पाण्याची चिळकांडी उडते म्हणून पोट्टेही खूश. पण मूळचं आफ्रिकेतलं हे झाड जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे; ही यादी आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेची. म्हणून रोप घेण्याआधी थोडं थांबा.

१. नर्सरीत शास्त्रीय नाव विचारा: स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा.

२. वाढलेलं झाड शोधा आणि फुलं सोडून शेंग बघा. ती वीतभर लांब, होडीच्या आकाराची असते. वाळून उकलली की आत पातळ, पारदर्शक पंखांच्या शेकडो बिया दिसतात. एक तळहातावर घेऊन फुंकर मारा, किती दूर जाते ते कळेल. पाऊस लागल्यावर पुन्हा त्याच झाडाकडे जा. भिंतीच्या कडेला, नालीत रोपं उगवली आहेत का ते पाहा.

३. आता आपली जागा बघा. फिजी, हवाईसारख्या दमट बेटांवर या झाडाने पडीक शेतं आणि जंगलाच्या कडा व्यापल्या. नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या, कोरड्या जमिनीत कोवळं रोप तगणं कठीण. त्यामुळे चारी बाजूंनी सिमेंट असलेल्या प्लॉटवर धोका कमी. पण नाग किंवा पिवळी नदीच्या काठी, नाल्यालगत, गोरेवाडा-अंबाझरीच्या झाडीजवळ घर असेल तर लावूच नका. तिथे बियांना ओलावा मिळतो, आणि एकदा रुजलेलं झाड मुळांतूनही फुटतं.

४. सावलीचा हिशेब करा. कोरड्या हवेत हे झाड पानं गाळतं. लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात. खाली गाडी ठेवायची असेल तर नकोच. मला विचाराल तर फुलांसाठी बहावा लावा, एप्रिल-मेच्या उन्हात पिवळ्या घोसांनी लगडतो आणि तो इथलाच आहे. दाट सावलीसाठी करंज किंवा कडुनिंब.

अंगणात पिचकारी आधीच असेल तर कुऱ्हाड उचलू नका. १९७५च्या राज्य कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते, त्यासाठी मनपाकडे अर्ज करा. तोवर शेंगा हिरव्या असतानाच काढा, खालची रोपं मुळासकट उपटा. तोडल्यावरही बुंध्याला फुटवे येतात. ते येतील तसे खुडत राहावे लागतात.